चांगुणेचा गळका हंडा

एका गावाला एक शाळा होती, आणि त्या शाळेच्या भिंतीला लागूनच गावाचा उकिरडा होता. शाळा लहान होती. उकिरडा मोठा होता. शाळेच्या दोन खोल्या, आणि उकिरड्यावर साऱ्या गावाने टाकलेले सामान. फुटके डबे, ट्रॅक्टरचे झिजलेले टायर, मोडक्या बाजा, सायकलींची वाकडी चाके, पावसाने फुगलेली दारे, वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. मुले धडा वाचायची तेव्हा वारा तिकडचा असेल तर खिडकी लावून घ्यावी लागे.

त्या गावात भिवाजी नावाचा एक म्हातारा तांबट राहत होता. भांड्यांवर नावे घालणे हे त्याचे काम. कुणी लेकीला कळशी दिली, देवाला समई दिली, मामाने भाच्याला ताट दिले, की ते भांडे आधी भिवाजीकडे यायचे. तो ते मांडीवर घ्यायचा, त्यावर छिन्नी टेकवायचा आणि हातोडीने हलके हलके ठोके देत जायचा. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर व्हायचे, अक्षराला अक्षर लागून माणूस व्हायचा. शाळा त्याने तिसरीत सोडली होती. त्यानंतर पुस्तक कधी उघडले नव्हते. पण गावातल्या प्रत्येकाचे नाव त्याला लिहिता येत होते.

पुढे तालुक्याच्या दुकानांत विजेवर चालणारे यंत्र आले. मागवलेला चहा येईपर्यंत ते नाव घालून द्यायचे. भिवाजीकडे भांडी येईनाशी झाली. त्याने छिन्नी पिशवीत टाकली, पिशवी खुंटीला लावली, आणि तो दुपारचा शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागला.

त्या शाळेत शालनबाई नावाच्या बाई शिकवत होत्या. एक दिवस त्यांनी मुलांना विचारले, "गाजर कुठे लागतं?"

एक मुलगा म्हणाला, "झाडाला."

दुसरा म्हणाला, "येडा हायेस का? टेम्पोत लागतंय. बुधवारी येतोय बघ."

सगळी मुले हसली. बाहेर ओट्यावर बसलेला भिवाजी हसला नाही. गावाच्या चारी बाजूंना ऊस होता. बांधापर्यंत ऊस, घराच्या मागच्या भिंतीपर्यंत ऊस. परसात भाजी लावायची रीत मोडून गेली होती. शेतकऱ्यांच्या मुलांना भाजी ठाऊक होती ती बाजारातली.

शाळा सुटल्यावर भिवाजी म्हणाला, "बाई, हा उकिरडा मला द्या."

"उकिरडा माझा थोडाच आहे, तात्या? गावाचा आहे."

"मग गावाला विचारा. टाकलेलंच मागतोय. टाकलेलं द्यायला गाव नाही म्हणायचं नाही."

ग्रामसभेत बाईंनी विषय काढला. सरपंच उत्तमरावांच्या मनात त्या जागेवर दुकानांचे गाळे बांधायचे होते. ते हसत म्हणाले, "तात्या, उकिरड्याची बाग करणार, आणि बागेत शाळा भरवणार?"

"व्हय."

"आणि कुंड्या, बाकं, छप्पर, फळा? ते कुठनं आणणार?"

"तिथंच पडलंय की सगळं," भिवाजी म्हणाला.

सभा हसली. पण उत्तमराव वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "गुढीपाडव्याला आम्ही येऊन बघू. बाग उभी असली आणि पोरं तिथं शिकत असली, तर जागा शाळेची. कायमची. नाहीतर गाळे. मग माझ्याशी भांडायचं नाही."

"नाही भांडणार," भिवाजी म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने उकिरड्यावर पहिले फावडे मारले. आधी एकटाच होता. मग बाई आल्या, मुले आली. भिवाजी एकेक वस्तू उचलायचा, मांडीवरच्या भांड्यासारखी फिरवून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. फवारणीच्या औषधाचे डबे मात्र त्याने मुलांना हात लावू दिले नाहीत. "त्यात विष असतं. धुतलं तरी जात नाही. ते मातीत उतरतं, मातीतून भाजीत." ते त्याने एका बाजूला रचून ठेवले आणि पंचायतीच्या माणसाला हवाली केले. बाकीचे सारे कामाला आले. टायरमध्ये माती भरली, त्यात मेथी आणि कोथिंबीर पेरली. तेलाच्या डब्यांना तळाशी भोके पाडली, त्यात टोमॅटो लावले. बाजेचे लोखंडी सांगाडे उभे केले, त्यांवर दोडका चढवला. सायकलींच्या चाकांवर काकडी चढली. उसातून काढून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या जोडून पाणी फिरवले. फुटक्या कौलांनी वाटांच्या कडा बांधल्या. एक भले मोठे जुने दार होते. ते घासून, काळे रंगवून, दोन खांबांना बांधले. तो फळा झाला.

छपराला फ्लेक्स लावले. बायकांनी ते दुहेरी शिवून दिले. त्यांवरचे पुढारी हात जोडून खाली मुलांकडे बघत होते.

देवळाचे अंगण झाडणारी चांगुणा म्हातारी ते बघून म्हणाली, "बरं झालं बाई. इतकी वर्षं नुसतं हात जोडत होते. आता सावली तरी देतायत."

ही चांगुणा एकटी होती. नवरा गणपत वीस वर्षांपूर्वी गेला होता. मूल नव्हते. एक दिवस ती डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन आली. माहेरून आणलेला, लग्नातला. घरातले तांब्याचे तेवढेच भांडे उरले होते.

"भिवा," ती म्हणाली, "हा उकिरड्यावरचा नव्हे. माझ्या घरचा. पण गळतो. पाणी धरत नाही. माती धरंल का?"

भिवाजीने हंडा उजेडाकडे धरून बघितला. "धरंल की आक्का. झाडाला गळकाच हंडा बरा. पाणी तुंबत नाही, मुळं कुजत नाहीत."

"मग माझ्यासारखं म्हातारं गळकं पण कुठंतरी कामाला येतंय म्हण," चांगुणा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्या हंड्यात कढीपत्त्याचे रोप लावले आणि हंडा बागेच्या मधोमध ठेवला.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या. आईबाप पहाटे फडात गेले की त्यांची मुले कोपीच्या तोंडाशी बसून राहत. शालनबाई त्यांनाही घेऊन आल्या. त्यांना पुस्तके नव्हती, पण बागेत पुस्तक लागत नव्हते. दोन रोपांत वीतभर अंतर, असे मोजत मोजत मुले पाढे शिकली. मेथी किती दिवसांनी उगवली ते कौलावर कोळशाने लिहीत लिहीत आकडे शिकली. टोळीची मुले सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत जास्त पाणी घालायची. त्यांच्यातली दुर्गा नावाची मुलगी तर दोन्ही हातांत दोन तांबे घेऊन यायची.

पौषात गाजरे तयार झाली. टेम्पोत गाजर लागते म्हणणाऱ्या मुलाला बाईंनी पहिले गाजर उपटायला लावले. त्याने पाला धरून ओढले. लाल गाजर मातीतून बाहेर आले तसा तो मागे बसलाच. मग हळूच म्हणाला, "बाई, हे आत होतं." त्याने ते खाल्ले नाही. सदऱ्यात गुंडाळून आजीला दाखवायला घरी नेले.

सारे असे चांगले चालले होते. आणि इथेच भिवाजीचे चुकले.

एके दुपारी मुले जेवायला गेली होती. चांगुणा आपल्या हंड्याला पाणी घालत होती. भिवाजी बसून बघत होता. त्याने सहज विचारले, "आक्का, तुझं नाव कुठं लिहिलेलं आहे गं?"

"माझं? रेशनकार्डावर हाय की. गणपतची बायको."

"तसं नव्हे. चांगुणा असं."

तिने थोडा विचार केला. "नाही बा. कुठंच नाही."

आयुष्यभर भिवाजीने नावे घातली होती. ज्यांच्याकडे भांडी होती त्यांची. त्याला वाईट वाटले. तो घरी गेला, खुंटीवरची पिशवी काढली, छिन्नी आणि हातोडी घेऊन आला. हंड्यात माती होती, त्यामुळे पत्रा दबण्याचे भय नव्हते. त्याने हलक्या हाताने ठोके दिले. नखाएवढी अक्षरे काढली. चांगुणा.

चांगुणेला वाचता येत नव्हते. भिवाजीने तिचे बोट धरून अक्षरांवरून फिरवले.

"हे मी?" तिने विचारले.

"हे तू."

ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. नंतर ती रोज यायची, आधी रोपाला पाणी घालायची आणि मग पदराच्या टोकाने ती अक्षरे पुसायची. पुसून पुसून बाकीच्या हंड्यापेक्षा तेवढा तुकडा लखलखू लागला.

शालनबाईंनाही ते आवडले. त्या मुलांना सांगू लागल्या, च चमच्याचा नको, च चांगुणाआजीचा.

आठवड्याने सरपंचांची बायको प्रमिलावहिनी नातवाला न्यायला बागेत आली. तिने हंडा बघितला, नाव वाचले.

"काय हो तात्या, ह्या म्हातारीचं नाव घातलंत, आणि आमचं?"

"वहिनी, आक्कानं हंडा घरातनं आणून दिला."

"आणि हे तीन टायर? आमच्याच ट्रॅक्टरचे आहेत. खूण आहे त्यांवर."

"ते उकिरड्यावर होते, वहिनी."

"उकिरड्यावर टाकले कुणी? आम्हीच ना?"

भिवाजीला वाटले, एकाचे नाव घातल्यावर दुसऱ्याला नाही कसे म्हणायचे? टायरवर छिन्नी चालत नाही. त्याने पांढरा रंग आणि कुंचला घेतला आणि तिन्ही टायरवर नाव घातले. सौ. प्रमिलावहिनी उत्तमराव यांजकडून.

मग रांगच लागली. ज्याने त्याने आपापली वस्तू ओळखली. हा डबा आमचा. हे चाक आमच्या बाबूच्या सायकलीचे. ही बाज आमच्या सासूबाईंची, त्या ह्याच बाजेवर गेल्या, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ असे लिहा. ज्या वस्तू टाकताना कुणी मागे वळून बघितले नव्हते, त्यांच्यावरून आता लोकांना सासू-सासरे, आजे-पणजे आठवू लागले. कुणी म्हणाले अक्षर बारीक झाले. कुणी म्हणाले आमचा डबा वाटेच्या तोंडाशी ठेवा, मागे कोण वाचणार?

खरे सांगायचे तर भिवाजीला बरे वाटत होते. कितीतरी वर्षांनी लोक कामासाठी त्याच्या दारी येत होते. "तात्या, तुमच्या हाताला यंत्राची सर नाही," असे म्हणत होते. त्याने मनाशी म्हटले, नावाने कुणाचे काय बिघडते? उलट माणसांची माया लागेल बागेला.

माया लागली. पण ती बागेला लागली नाही.

फळ्याचे दार दोघा भावांच्या घरचे होते. थोरला हणमंत, धाकटा विलास. वाटणीत बापाचे घर पाडले तेव्हा दार कुणी न्यायचे यावर दोघे अडले, आणि शेवटी ते उकिरड्यावर गेले. आता दोघेही एकाच दिवशी आले.

हणमंत म्हणाला, "दार बापाचं. मी थोरला. माझं नाव घाला."

विलास म्हणाला, "हे दार इथवर ओढत मी आणलं. तू तर म्हणत होतास जाळा म्हणून."

भिवाजी म्हणाला, "दोघांचं नको. वडिलांचं नाव घालू."

"घाला," हणमंत म्हणाला. "पण खाली 'यांजकडून' कुणाचं येणार?"

शेवटी फळ्याच्या मधून एक पांढरी रेघ ओढली. डावीकडे हणमंत, उजवीकडे विलास. हणमंत बाईंना म्हणाला, "आमच्या पोराचं गणित आमच्याच बाजूला घ्या." त्या दिवसापासून बाईंना मोठी बेरीज फळ्यावर मांडता येईना. ती रेघेपाशी अडायची.

मोठ्यांचे बघून मुले शिकली. आता ती वाचू लागली होती ना. भराभर नावे वाचायची आणि म्हणायची, "ए, हे आमचं आहे. तू पाणी घालू नको." ज्याच्या डब्यात टोमॅटो जास्त, त्याचा रुबाब जास्त. एकाच्या डब्यावरचा दोडक्याचा वेल दुसऱ्याच्या बाजेवर गेला, तर दुसऱ्याने तो कापून टाकला. दुपारच्या सुट्टीत मुले मेथीच्या टायरवर बसून पहारा करू लागली.

टोळीची दुर्गा हुशार होती. दिवाळीला तिला एक अक्षर येत नव्हते. माघात तिने साऱ्या बागेतली नावे वाचून काढली. टायर, डबे, चाके, बाजा, फळा, सगळे. वाचून झाल्यावर ती बाईंकडे आली.

"बाई, सगळी वाचली. आमचं नाव कुठल्या डब्यावर आहे?"

तेवढ्यात प्रमिलावहिनीचा नातू म्हणाला, "तुमचं कसं असंल? तुम्ही काय टाकलंय का इथं?"

त्याने ते चिडवायला म्हटले नव्हते. त्याला खरेच तसे वाटले होते. ज्यांच्याकडे टाकायला काही असते, त्यांचेच नाव लागते, हे तो त्या बागेत शिकला होता.

दुर्गाने हातातले तांबे खाली ठेवले. दुसऱ्या दिवसापासून टोळीची मुले बागेत आली नाहीत. ती बाहेर, धुळीत बसून आतले ऐकू लागली.

मग शालनबाई भिवाजीच्या घरी गेल्या. पाडवा आठ दिवसांवर आला होता.

"तात्या, नावं पुसा. सगळी."

"एवढी माणसं दुखावतील, बाई."

"आतापर्यंत कोण दुखावलंय ते तुम्ही बघितलं नाही? ती पोरं धुळीत बसलीयेत."

भिवाजी मान खाली घालून बसला. त्याला कळत होते. तो म्हणाला, "रंगाचं काय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. उद्या सगळ्यांना बोलावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव फ्लेक्सच्या सावलीत जमले. भिवाजी उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"नावं मी घातली," तो म्हणाला. "चूक माझी. मीच पुसतो. बाग पोरांची आहे. कुणाची एकट्याची नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी लगेच नाही म्हटले नाही. त्या क्षणी भिवाजीने पुसायला घेतले असते, तर सगळी नावे गेली असती. मग प्रमिलावहिनी म्हणाली, "पुसा की. आमचं काही म्हणणं नाही. पण पहिलं जे घातलंत, ते आधी पुसा."

सगळ्यांचे डोळे हंड्याकडे गेले.

चांगुणा कडेला बसली होती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "पूस भिवा. माझं आधी पूस. मला कुठं वाचता येतंय?"

भिवाजीने पिशवीतून कानस काढली. तांब्यावर ठोकलेले नाव रंगासारखे पुसले जात नाही. ते घासून काढावे लागते. तो हंड्यापाशी बसला. कानस त्याने पहिल्या अक्षरावर टेकवली. अक्षर लखलखत होते. रोज पदराने पुसलेले. ह्या जगात चांगुणा म्हणून एक बाई आहे, हे सांगणारी तेवढीच एक जागा होती. ती त्याने स्वतःच्या हाताने केली होती.

त्याचा हात हलला नाही.

"काय झालं तात्या?" मागून कुणीतरी विचारले.

"भिवा, घास की रे," चांगुणा म्हणाली.

भिवाजीने कानस खाली ठेवली. तो वळून हात जोडून म्हणाला, "एवढं एक राहू द्या. म्हातारीचं एकटीचं. बाकीची मी..."

त्याचे बोलणे पुरे झाले नाही. प्रमिलावहिनी उठून उभी राहिली. "झालं तर मग."

हणमंत म्हणाला, "एकाचं राहतंय तर सगळ्यांची राहतील. म्हातारी काय गावाची मालकीण लागून गेली?"

शालनबाईंनी भिवाजीकडे बघितले आणि त्या शाळेच्या खोलीत निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी विलास आला आणि दार सोडवू लागला. हणमंतला कळले तसा तो धावत आला. शेवटी करवत आणून दोघांनी दार पांढऱ्या रेघेवर कापले आणि आपापले अर्धे नेले. दुसऱ्या दिवशी प्रमिलावहिनीच्या गड्याने टायर नेले. त्यातली माती आणि मेथी तिथेच पालथी केली. मग डबे गेले, चाके गेली, बाजा गेल्या. दोडक्याचा वेल जमिनीवर आला. टोमॅटो पायाखाली गेले. ज्यांचा फ्लेक्स होता ती पोरे येऊन म्हणाली, "आमच्या साहेबांचं नाव शिवणीत दाबलंय," आणि त्यांनी छप्पर काढून नेले.

चार दिवस हे चालले. पण एक मात्र म्हटले पाहिजे. कुणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही. भांडण झाले नाही, अदलाबदल झाली नाही. नावे होती ना. अक्षरे स्वच्छ होती. ज्याने त्याने आपले नाव वाचले आणि आपलीच वस्तू नेली.

पाडव्याला सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या. उत्तमराव पंचांना घेऊन आले. रिकाम्या जागेच्या मधोमध चांगुणेचा हंडा होता. त्याच्या भोवती उन्हात बाई आठ-दहा मुलांना घेऊन बसल्या होत्या. त्यांत दुर्गा नव्हती. टोळीचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता.

उत्तमराव भिवाजीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तात्या, माघात मी इथून जाताना बघायचो. मला वाटलं होतं, मी हरलो. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं."

भिवाजीने मान हलवली.

"पण गावात जे ठरलं ते ठरलं."

"नाही भांडणार म्हटलं होतं मी," भिवाजी म्हणाला.

पंच गेल्यावर चांगुणा आली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच भिवाजीला सोसले नाही.

"भिवा, तू माझं नाव राखलंस. त्यात पोरांची बाग गेली. आता मी ह्या नावावरनं बोट फिरवलं, की मला काय आठवायचं रे?"

तिने हंडा मातीसकट, रोपासकट छातीशी धरला आणि ती वाकत वाकत घरी गेली. भिवाजी मदतीला पुढे झाला. तिने नको म्हटले.

वैशाखात गाळ्यांचा पाया खणला. शाळेच्या खिडक्या आता धुळीमुळे लावून घ्याव्या लागल्या.

आणि लोकांनी घरी नेलेल्या वस्तूंचे काय झाले? झिजलेला टायर घरात कशाला लागतो? अर्धे दार कुठल्या चौकटीला बसते? भोके पाडलेल्या डब्यात तेल राहत नाही. थोडे दिवस त्या वस्तू अंगणात पडून राहिल्या. पायांत येऊ लागल्या. मग एकेकाने त्या उचलल्या आणि टाकून दिल्या. जुना उकिरडा राहिला नव्हता, म्हणून ओढ्याच्या काठी नवा झाला.

एक दिवस भिवाजी त्या बाजूने चालला होता. तो थांबला. समोर ढीग होता, आणि ढिगावर सारे गाव होते. सौ. प्रमिलावहिनी उत्तमराव यांजकडून. हणमंत एकीकडे, विलास दुसरीकडे. सासूबाईंच्या स्मरणार्थ. सगळे त्याच्याच हाताचे अक्षर. असा उकिरडा त्याने जन्मात बघितला नव्हता, ज्यावर एकूण एक वस्तूला नाव होते.

मग त्याला हंडा दिसला. तो ढिगात फेकलेला नव्हता. कडेला, बाभळीच्या सावलीत, दगडाची टेकणे लावून सरळ ठेवलेला होता. आत कढीपत्ता हिरवागार होता. माती ओली होती. कुणीतरी त्याच दिवशी पाणी घातले होते.

भिवाजी खाली बसला आणि त्याने हंडा फिरवून नाव बघितले. नाव नव्हते. त्या जागी आडवेतिडवे ओरखडे होते. कानशीचे नव्हते. दगडाचे होते. कुणीतरी कितीतरी दिवस बसून, जोर नसलेल्या हातांनी, एकेक अक्षर घासून काढले होते.

त्या साऱ्या उकिरड्यावर तेवढी एकच वस्तू बिननावाची होती, आणि तेवढीच जिवंत होती.

भिवाजी ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिला. जे काम त्याने त्या सकाळी करायचे होते, ते म्हाताऱ्या बाईने एकटीने केले होते. पण आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

तात्पर्य: जे सगळ्यांसाठी उभे करायचे, तिथे कुणाचेही नाव घालू नये, मायेनेसुद्धा घालू नये. पहिले नाव मायेचे असते, पण त्याच्या मागून येणारी सगळी हक्काची असतात. आणि आपल्या मायेचे नाव ज्याला वेळेवर पुसता येत नाही, त्याला दुसऱ्यांच्या हक्काची नावे कधीच पुसता येत नाहीत.